भरतीच्या पाण्यात बाळकृष्ण

हे गेले आणि धरमपेठेतल्या घरात मी आणि देव एवढेच उरलो. एकुलता एक मुलगा स्कॉटलंडमध्ये इंजिनीअर. दोन वर्षांत येतो म्हणून गेला, त्याला सात वर्षं झाली. महिन्याकाठी एक निळं हवाई पत्र यायचं. त्याने तिकीट पाठवलं तेव्हा मी गेले ते त्याला बघायला नव्हे, घेऊन यायला. सोबत घरातला पितळेचा बाळकृष्ण रेशमी बटव्यात घेतला. पूजेत खंड नको हे निमित्त. खरं म्हणजे, 'याचं पुढे कोण करणार?' असं विचारून मला पोराच्या मनाला पाझर फोडायचा होता. देवालाही मी कामाला लावलं होतं.

एका रविवारी त्याने मला समुद्र दाखवायला नेलं. काळे उंच कडे, खाली फुटणाऱ्या लाटा, पाण्यात उभे सुळके. एवढं रौद्र रूप मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला मात्र आमच्या अंगणातलं ऊन आठवत होतं. कड्यावर बसून पोळी-भाजी खाल्ली आणि मी विषय काढला.

"चाल ना गा आता घरी."

"माह्यं इथंच मन लागलं वं आई. मी नाही येत आता," तो खाली पाहत म्हणाला. "तूच राहा ना माह्यापाशी."

माझं टाळकंच फिरलं. पूजा करायची आहे, मागे येऊ नको, असं बजावून मी पायवाटेने एकटीच खाली उतरले.

वाळूतून चालत एका खडकापाशी गेले, बाळकृष्ण समोर ठेवला, डोळे मिटले आणि त्याच्याशी भांडत बसले. माझं लेकरू मला परत दे, एवढंच मागणं. किती वेळ गेला कोण जाणे. आम्हा नागपूरकरांना पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव. सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी. भरती शाळेच्या पुस्तकात वाचलेली, ती अशी मागून येऊन वाट अडवते हे ठाऊक नव्हतं. डोळे उघडले तर ज्या वाळूतून आले ती पाण्याखाली गेली होती. देव बटव्यात घातला, हाका मारल्या, पण वाऱ्यात काही ऐकू जाईना.

तेवढ्यात खडकांआडून एक म्हातारी आली. पायात रबरी बूट, पाठीवर शिंपल्यांची टोपली. तिची भाषा मला कळेना. तिने कड्यातल्या चढणीकडे बोट दाखवलं. चढायला दोन्ही हात मोकळे हवे होते आणि माझ्या मुठीत बटवा. तो दे, असं ती खुणावत होती. सोवळ्यातला माझा देव आणि तिच्या बोटांना मासळीचा वास. मी बटवा पदराखाली लपवला. एक लाट कमरेपर्यंत आली, तेव्हा कुठे माझी मूठ सुटली. तिने बटवा कोटाच्या आत छातीशी ठेवला आणि मला ओढत वर नेलं. वर पोहोचल्यावर तिने आधी हात स्वेटरला पुसले, मग बटवा माझ्या ओंजळीत ठेवला आणि आपल्या वाटेने निघून गेली. तिथलीच कुणी बाई असेल. मी मात्र त्या दिशेला हात जोडले.

मुलगा धावत आला आणि मला धरून लहानपणी रडायचा तसा रडला. त्या क्षणी 'चाल घरी' म्हटलं असतं तर तो आला असता, हे मला स्वच्छ दिसत होतं. शब्द ओठांवर आले होते. पण परक्या हातात दिलेला देव तिने जपून आणला होता. माझ्या पोरालाही या मुलखाने सात वर्षं असंच जपलं असेल, असं मनात आलं आणि मी गप्प राहिले.

निघताना बाळकृष्ण मी त्याच्या खोलीत ठेवला. "रोज आंघोळ घालशील ना गा याले?" एवढंच विचारलं. त्याने मान डोलावली.

पोराची आठवण येते, जीव तुटतो. पण मागणं संपलं. आपण हात सोडला तरी सांभाळणारा कुणी आहे, हे त्या दिवशी कळलं. त्याचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. सकाळी उरलेल्या देवांपुढे दिवा लावते तेव्हा तिकडे अजून रात्र असते. लेकरू झोपलेलं असेल, बाळकृष्णही. मी घंटा वाजवत नाही.