डाव्या हाताचं पेन

माझ्या आत्याने लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवऱ्याचं खांद्याचं हाड मोडलं आणि एक ट्रंक घेऊन ती आमच्याकडे कायमची राहायला आली. त्याआधी त्याने तिचा दात पाडला होता, पण ते सांगायचं ती विसरायची. बाबांनी विचारलं, "कशाने मारलंस?"

"हाताशी बत्ता होता."

कारखान्याच्या मागची खोली झाडून बाबांनी तिला दिली. म्हणाले, "इथे शाई कर. बत्ता तुझ्याकडेच राहू दे."

आमचा पेनांचा कारखाना म्हणजे रस्त्याला लागून एकामागे एक अशा दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाबा लेथवर पेनांच्या दांड्या कातायचे आणि निबं घासायचे, मी खिडकीशी बसून पॉलिश करायची. मागे आत्याची शेगडी आणि पातेली. ती बाळगुटीत उगाळतात ती मायफळं कुटायची, पाण्यात तासन्‌तास उकळायची, गाळायची आणि काढा निवला की त्यात हिराकस हा लोखंडाचा क्षार आणि डिंक घालायची. ही शाई लिहिताना फिकट दिसते आणि हवा लागली की काळी पडत जाते. आत्याचे हात कोपरापर्यंत तसेच झाले होते. मतदानाच्या दिवशी ती हमखास म्हणायची, "माझी बोटं बघून मला परत पाठवतील. म्हणतील, ही बाई सकाळपासून सगळ्या वॉर्डांत फिरून आलीय."

आमच्या गावात पूर्वी एक लेखक होऊन गेले. वखारीत हमाली करून कथा लिहायचे. त्या वखारीला आग लागली तेव्हा आत माणसं झोपली होती आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. चोरी होऊ नये म्हणून मालकच कुलूप लावायचा. लेखकांनी हे लिहायला घेतलं तसे मालकाचे लोक त्यांच्या घरी आले. त्यांनी लेखकांचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. एकदा नाही, हाताचा लगदा होईपर्यंत. लेखक वर्षभर डाव्या हाताने अक्षरं गिरवायला शिकले आणि ते पुस्तक त्यांनी डाव्या हाताने पुरं केलं. मालकाचं नाव त्यात जसंच्या तसं घातलं.

त्यांच्या जन्मशताब्दीला वाचनालयाने आमच्याकडे पेन आणि शाईचा संच करायला दिला. बाबांनी जाडसर दांडीचं पेन कातलं, तुटक्या हाताच्या माणसालाही पकडता येईल असं. डाव्या हाताने लिहिताना निब ढकलावं लागतं, कागदात रुततं, म्हणून त्याचं टोक त्यांनी तिरकं घासून गोल केलं. शाई अर्थात आत्याची. डबीच्या झाकणावर त्या पुस्तकाच्या हस्तलिखिताचं एक पान छापायचं होतं. मालकाचं नाव असलेलं.

मालकाचा नातू अजून वखारी चालवत होता. सगळे त्याला धाकटे मालक म्हणायचे. एके दिवशी तो स्वतः कारखान्यात आला, स्टुलावर बसला, पाणी मागून प्यायला. फार गोड बोलला.

"झाकणावर दुसरं काहीतरी छापा ना. एखादं फूल छापा. कोणाला वाईट वाटायला नको."

बाबा निब पुसत राहिले. त्यांना भांडण नको होतं, ते त्यांच्या मानेवरून कळत होतं. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"आत जळाले त्यांना वाईट वाटलं असेल का हो?" तिने विचारलं.

धाकटे मालक उठले. जाताना बाबांच्या हातांकडे बघून म्हणाले, "सुंदर कलाकारी आहे. हात जपा."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आत्याला म्हणाले, "पान बदलू या. मेलेल्या माणसासाठी आपण का मरायचं?"

"दादा, तू बदल. मग शाईसुद्धा दुसऱ्या कोणाकडून घे." ती एवढंच म्हणाली आणि मायफळं कुटायला बसली. पान बदललं नाही.

ते आले तेव्हा भर दुपार होती. चारपाच जण, हातात सळया. पहिल्या घावात खिडकीची काच माझ्या अंगावर आली. दुसऱ्याने फळीवरच्या शाईच्या बाटल्या आडव्या केल्या. बाबा डब्या वाचवायला धावले तर एकाने त्यांच्या पोटावर सळई हाणली. ते वाकले तसं त्यांना फरफटत दारापाशी नेलं. मला आधी कळलं नाही काय चाललंय. मग एकाने बाबांचं मनगट धरून पंजा बिजागरीच्या बाजूच्या फटीत दाबला आणि दुसऱ्याने दार ओढलं. हाडं मोडल्याचा आवाज लेथच्या घरघरीतूनही ऐकू आला. बाबा ओरडले तो आवाज माणसाचा नव्हता.

मनगट धरणारा कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला होता. माझ्या लहानपणापासून तो आमची पंक्चरं काढत होता.

दार दुसऱ्यांदा ओढण्याआधी आत्या मागच्या खोलीतून आली. हातात फडक्याने धरलेलं उकळत्या काढ्याचं पातेलं. ती धावली नाही. सांडू नये म्हणून जपून चालत आली, सायकलवाल्यासमोर थांबली आणि ते त्याच्या तोंडावर ओतलं.

त्याने दोन्ही हातांनी तोंड धरलं आणि हाताबरोबर गालाची कातडी खाली आली. दार ओढणाऱ्याने आत्याच्या गुडघ्यावर सळई मारली. ती पडली, पण पडतानाच तिने त्याचा पाय धरला आणि पोटरीचा लचका तोडला. तो तिच्या डोक्यात मारत होता, ती सोडत नव्हती. मी पॉलिशची मोटर उपटून त्याच्या पाठीत घातली तेव्हा तो पळाला. बाकीचे आधीच पळाले होते. जमिनीवर शाई आणि रक्त एकत्र झालं होतं आणि त्यात आम्ही तिघं आणि तो सायकलवाला. त्याला कोणी नेलं नव्हतं.

"याला पाणी टाक," आत्या मला म्हणाली. "थंड टाक. भरपूर टाक."

मी बादल्या ओतत राहिले. तरी त्याचा एक डोळा गेला.

हॉस्पिटलात त्याची बायको आत्याच्या खाटेपाशी आली. "तुम्हाला पोरं नाहीत म्हणून असं करवलं," ती म्हणाली.

आत्याच्या डोक्याला टाके होते, गुडघा प्लास्टरमध्ये. "तुझ्या नवऱ्याने माझ्या भावाचा हात धरला होता," ती म्हणाली. "पुन्हा धरला तर पुन्हा ओतीन." बायको रडत गेली. आत्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि कितीतरी दिवस अन्नाला शिवली नाही, रात्री डोळा लावला नाही. नर्सने दटावलं की तेवढ्यापुरती दोन घास चिवडायची.

कोर्टात आमच्या वकिलाने तिला पढवलं होतं की पातेलं हातातून निसटलं असं सांगायचं. जज्जांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "निसटलं नाही. बघून ओतलं." वकिलाने कपाळाला हात लावला. पण त्याच कोर्टात सायकलवाल्याने माफीचा साक्षीदार होऊन साक्ष दिली, कोणी पाठवलं, कुठे बसवून काय सांगितलं ते सगळं. धाकटे मालक त्याला बघायला हॉस्पिटलात एकदाही फिरकले नव्हते, ओळखसुद्धा नाकारली होती. धाकट्या मालकांना सजा झाली. आत्यालाही झाली, थोडी. भावाला वाचवायला केलं हे जज्जांनी मानलं, पण एवढं करायला नको होतं असं म्हणाले. आत्या म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

बाबांची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. उरलेल्या दांड्या मी कातल्या, निबं त्यांनी शेजारी बसून माझ्याकडून घासून घेतली. संच निघाला, ठरल्या पानासकट आणि आत्याने जाण्याआधी करून ठेवलेल्या शाईसकट. आत्या तेव्हा तुरुंगात होती.

सुटून आली त्या संध्याकाळी काठी टेकत ती कोपऱ्यावर गेली. मी मागोमाग गेले, काही व्हायला नको म्हणून. सायकलवाला चाकात हवा भरत होता.

"काय पाहिजे?" त्याने विचारलं.

"काही नाही. तोंड बघायला आले तुझं."

त्याने पंप खाली ठेवला आणि उजेडाकडे तोंड केलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग "बरं," म्हणाली आणि वळली. घरी आल्यावर अंथरूण घालायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत झोपली.