सरांच्या खिशातली अमेरिका

"अमेरिकेत असं चालत नाही, बाय," असं म्हणून सर चष्मा कपाळावर सरकवायचे, आणि आपल्याला वाटायचं आता अमेरिकेचं कौतुक येणार, तर पुढचं वाक्य यायचं, "म्हणूनच तर त्यांचं हे असं झालंय." लिफ्ट बंद पडली तरी हेच, खबूस, म्हणजे इथली रोटी, कडक निघाला तरी हेच, समोरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बाईने जिन्यात चपलांचा ढीग घातला तरी हेच. आणि कुर्त्याच्या खिशात टीव्हीचा रिमोट. खरंच सांगते, रिमोट! घरात ठेवला तर नातवंडं चॅनल बदलतात आणि अमेरिकेच्या बातम्या जातात, म्हणून सर कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दही आणायला गेले तरी रिमोट खिशात आणि घरात टीव्ही आपला चालूच.

तुमच्या ओळखीत असेल असं कुणीतरी, ज्याला स्वतःच्या गल्लीपेक्षा लांबच्या देशाची काळजी जास्त. पण सरांसारखं नसेल.

आम्ही सौदीत, जेद्दाच्या शरफिया भागात राहतो, तळमजल्यावर. सर आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, मुलाकडे. रायगडातल्या हायस्कुलात सगळं आयुष्य इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलेलं, बायको गेल्यावर मुलाने इकडे आणलं. मी रत्नागिरीकडची, आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. माझ्या मरियमचे अब्बा लांब जिझानला रिफायनरीत, पंधरा दिवसांनी घरी येणार, आणि मी एकटी त्या पोरीला घेऊन. मला सगळ्याचीच भीती वाटायची. बेल वाजली की भीती, लिफ्टची भीती, हारिस, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, अरबीत काही बोलला की भीती. दार लावून बसायचे आणि छतातून येणारा सरांचा टीव्ही ऐकायचे, काही कळायचं नाही पण माणसांचा आवाज तर यायचा.

ओळख झाली गच्चीच्या जिन्यात. कपडे वाळत घालून येत होते, लिफ्टला घाबरून जिन्यानेच, आणि मरियम मध्येच बसकण मारून बसली. मी ओरडले, "ऊठ गो, किती वेळ!" तर वरून आवाज आला, "अरे, हे तर आपलं माणूस!" आणि सर खाली, कपाळावर चष्मा. "लिफ्टमध्ये का नाही गेलीस, बाय?"

"बंद पडली तर?"

"अमेरिकेत लिफ्ट बंद पडली तर सरळ कोर्टात जातात."

"आणि मग लिफ्ट चालू होते?"

सर माझ्याकडे बघून हसायला लागले. "तू माझ्याशी भांडायला ये रोज," म्हणाले. "सूनबाई भांडत नाही, नुसतं 'हो अब्बा, हो अब्बा' करते. जीव गुदमरतो माझा."

आणि मला भांडायला शिकायचंच होतं, कारण मरियमच्या शाळेचं आलं होतं. जवळच्या इंडियन शाळेत आईबापाला बोलावतात, इंग्रजीत विचारतात. मरियमचे अब्बा फोनवर म्हणाले होते, "या वर्षी ॲडमिशन नाही झाली तर तुम्ही दोघी गावी जा. तू दाराबाहेर पडत नाहीस, पोर घरात कोंडून राहते, मी इथे कामावर असतो आणि जीव तिकडे." रागाने नाही बोलले, थकून बोलले, म्हणून मला जास्तच लागलं. गावी गेले की मरियम अब्बाला फोनमध्येच बघणार, मोठी होईपर्यंत. मी सरांना हे सांगितलं आणि रडले.

सर म्हणाले, "रडायचं नंतर. आधी मराठीत भांड, मग तेच इंग्रजीत भांड."

आमची शिकवणी अशी सुरू झाली. मी भाजी निवडायची, सुनेने दिलेला चहा प्यायचा, आणि सर अमेरिकेवर बोलायचे, मी विरुद्ध बोलायचं. "अठरा वर्षांचं पोर झालं की घराबाहेर काढतात, आणि कुत्रं मात्र बिछान्यात घेतात!" मी म्हणायचे, "आमच्याकडे पण पोरं अठरा वर्षांची झाली की गल्फला पाठवतात, सर." मग सर टाळी वाजवायचे, "इंग्रजीत! इंग्रजीत सांग!" मी चाचरत काहीतरी जुळवायचे आणि शेवटी, "आय ॲम नॉट अग्री, सर." सून आतून म्हणायची, अब्बा, ते चूक आहे, तिला बरोबर सांगा ना. सर म्हणायचे, "भांडणात ग्रामर नसतं."

त्यांना अमेरिकेची प्रत्येक गोष्ट खटकायची. हिवाळ्यात बर्फ घालून पाणी पितात. संध्याकाळी सहाला जेवून घेतात, मग पाहुणा सातला आला तर उपाशीच. 'कसे आहात' विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधी पुढे जातात. पण वाचनालयाचं नाव निघालं की आवाज मऊ व्हायचा. "कुणीही जावं, पोतंभर पुस्तकं घरी न्यावीत. आणि टीव्हीवर त्यांच्या राष्ट्राध्यक्ष साहेबाला वाट्टेल ते बोलून माणूस घरी जाऊन शांत झोपतो. हे मात्र मोठं आहे, बाय." एवढं म्हणून लगेच चष्मा खाली घ्यायचे, जास्त बोलून गेल्यासारखे.

एकदा मला अमेरिकेची निवडणूक समजावली ती आमच्याच बिल्डिंगवर. म्हणाले, समज मत घ्यायचंय, पाण्याचा टँकर सकाळी बोलवायचा की संध्याकाळी. प्रत्येक मजल्याचं एक मत. तुमच्या तळमजल्यावर सगळी घरं म्हणाली सकाळी. पण वरच्या दोन मजल्यांवर एकेका घराच्या फरकाने संध्याकाळ जिंकली. माणसं सकाळवाली जास्त, पण टँकर येणार संध्याकाळी.

"मग आमची बाकीची मतं वाया?"

"वाया!" सर एवढे खूश झाले की रिमोट खिशातून पडला आणि मागचं झाकण उडालं. मरियम सेल शोधत फिरली आणि दिवसभर ओरडत होती, "टँकर! टँकर!"

आणि या माणसाची मुलगी अमेरिकेत. टेक्सासला. हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. शुक्रवारी तिचा फोन आला की सर गच्चीवर जायचे, आणि मी कपडे काढायला गेले असताना ऐकलं, फोनवर अमेरिकेबद्दल चकार शब्द नाही. "जेवलीस का? काय जेवलीस? थंडी आहे का? घाल गो काहीतरी अंगात." बस, तेवढंच, पुन्हा पुन्हा. मी पाय न वाजवता खाली आले. कपडे वरच राहिले.

शाळेच्या दिवशी मरियमचे अब्बा येणार होते, पण प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता आणि सुट्टी रद्द झाली. मी म्हटलं मी नाही जात. सरांनी टॅक्सी आणून दारात उभी केली. "मी गेटपर्यंत येतो. आत तू."

आतल्या मॅडम हैदराबादच्या. टेबलावर फुलं, एसी एवढा की माझे दात वाजत होते, का भीतीने वाजत होते कोण जाणे. मॅडम हसून म्हणाल्या, "टेल मी अबाउट युवरसेल्फ."

आणि माझ्या डोक्यात काहीच नाही. कारण स्वतःबद्दल आम्ही काही केलंच नव्हतं! सगळी अमेरिका केली होती. माझं नाव, माझं गाव, माझा नवरा काय करतो, एकही वाक्य इंग्रजीत तोंडात बसलेलं नव्हतं. मरियम माझ्याकडे बघतेय, मॅडम बघतायत, घड्याळ टिकटिक करतंय, आणि माझ्या तोंडातून निघालं, "मॅडम, इन अमेरिका, मोअर व्होट मॅन कॅन लूज."

"सॉरी?"

"मोअर व्होट. बट लूज. आय ॲम नॉट अग्री."

आणि मरियम खुर्चीवर उभी राहून, "टँकर!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं झालं, आता गावचं तिकीट. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "पहले पानी पी लो अम्मा, घबराओ नक्को. ये टँकर क्या है?" मग मी हिंदीत सांगितलं, बिल्डिंग, मजले, सकाळ, संध्याकाळ, सगळं एका श्वासात, मध्येमध्ये मरियम मजले मोजून दाखवत होती. मॅडम हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "घर में बच्ची के साथ इतनी बातें करते आप?" मी म्हटलं, दूसरा कोई है नहीं मॅडम, हम दोनों ही बोलते हैं. त्या म्हणाल्या, "तो बस. बच्ची बोलती है, अम्मा बोलती है. हमको और क्या होना."

बाहेर सर गेटवरच्या पाकिस्तानी चौकीदाराला अमेरिका समजावत होते. मला बघून धावत आले. "काय विचारलं?" मी सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. "तुझं नावगाव शिकवायचं राहिलंच की! मी मास्तर की कोण?" आणि मग जे हसायला लागले, त्या फुटपाथच्या कठड्यावरच बसले, चौकीदाराने पाणी आणून दिलं.

ॲडमिशन झाली. मरियमचे अब्बा फोनवर म्हणाले, "पोरीला बूट घ्यायला येतो." आम्ही राहिलो इथेच.

गेले ते सर. मुलीला बाळ होणार होतं, तिने बोलावलं. व्हिसा आला, बॅग भरली, खजूर, कोकम, बाळाची दुपटी, आणि आदल्या दिवशी सर आमच्या दारात, चष्मा नाही कपाळावर, नाही डोळ्यांवर, हातात. "तिथे विमानतळावर विचारतात म्हणे, बाय. काय बोलायचं?"

सरांना भीती वाटत होती! माझ्यासारखी. मी त्यांना खुर्चीत बसवलं, समोर उभी राहिले. "टेल मी अबाउट युवरसेल्फ."

"ॲक्च्युअली, युवर कंट्री..."

"नाही सर! त्यांच्या देशाबद्दल एक शब्द नाही. नाव, गाव, मुलगी. बस."

"बरं," सर म्हणाले, अगदी शहाण्या पोरासारखे. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मुलीपाशी आले आणि थांबले. "माय डॉटर," म्हणाले, आणि पुढे काही नाही. मी म्हटलं एवढं पुरे, सर, कळतं त्यांना.

दोन महिन्यांसाठी गेले होते, आता नातीला दात आले. परवा व्हिडिओ कॉल आला, मांडीवर नात आणि कपाळावर चष्मा. "बाय, इथल्या शेजाऱ्याला सांगत होतो, आमच्या जेद्दात असं चालत नाही!" मागून मुलगी ओरडली, "अब्बा, पुरे तुमचं जेद्दा!" मग त्यांनी खिशात हात घातला आणि रिमोट काढून दाखवला. इकडचा. खिशातून तसाच टेक्सासला गेलेला.

मुलाने अजून नवीन आणला नाही. त्यामुळे वरचा टीव्ही लावला की अमेरिकेच्या बातम्यांवरच लागतो, जुन्या आवाजात, आमच्या छतातून. काल मी डबा भरत होते, मरियम बूट घालत होती, आणि वर आवाज सुरू झाला. तिने मान वर केली. "मम्मा, सर आ गए?"

"नाही गो," मी म्हटलं. "ती नुसती अमेरिका आहे. चल, शाळेला उशीर होतोय." आणि आम्ही दोघी दार ओढून बाहेर पडलो.