दुपारचं रीडिंग

कन्हानसारख्या नदीतून पाणी उपसणारे जे उभे पंप असतात, त्यांचा लांब दांडा रबराच्या बेअरिंगमध्ये फिरतो. तेल नाही, ग्रीस नाही. उपसलं जाणारं पाणीच दांडा आणि रबर यांच्यामध्ये पातळ थर धरून राहतं. तो थर किती भाराला तुटेल हे गणितानं आधीच सांगता यावं, म्हणून सत्तरच्या दशकात मी एम.टेक.ला समीकरणं मांडत बसले होते. आईला वाटायचं, मी पंपाची दुरुस्ती शिकते. मीही तिचा समज मोडला नाही.

गणित झालं. मग कॉलेजच्या लॅबमध्ये तसंच बेअरिंग फिरवून घर्षण मोजायला लागले. सकाळचे आकडे गणिताच्या रेषेवर चपखल बसत. दुपारचे मात्र भलतीकडेच जात, घर्षण एकदम वाढलेलं. माझे मार्गदर्शक सर मेअखेर रिटायर होणार होते आणि या विषयातलं दुसरं कोणी कॉलेजात नव्हतं. तोवर जुळलं नाही तर माझी पदवी बुडाली, एवढं साधं होतं.

सरांनी दुपारच्या आकड्यांवर पेन्सिल फिरवली. "थकून जातेस वं तू दुपारी. वाचण्यात चूक होऊन राहिली. हे सोड, सकाळचेच ठेव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गात मी एकटीच मुलगी. पोरं दुपारी लॅबच्या टेबलावर डोकं टाकून झोपा काढत, त्यांना कोणी थकलास का म्हणून विचारत नसे. सकाळचेच ठेवले असते तर प्रबंधावर सरांची सही लगेच मिळाली असती, पण मला ती तशी नको होती. मी म्हटलं, सर, उद्या दुपारी तुम्हीच वाचा.

आले बिचारे भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून. मी लांब उभी राहिले, मशीनला हातही लावला नाही. सरांनी काटा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. माझाच आकडा. मग बेअरिंगमधून बाहेर पडणाऱ्या धारेखाली त्यांनी बोट धरलं आणि चटकन मागे घेतलं. गच्चीवरच्या लोखंडी टाकीतलं पाणी ते.

"किती अंशाचं पाणी धरलं होतं आपण?"

"वीस. तुम्ही दिलेल्या पुस्तकातलं."

"पुस्तकवाला मे महिन्यात नागपूरले आला नसंल," सर म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दुपारी नळ पोळतो म्हणून अंघोळीच्या बादल्या सकाळीच भरून ठेवायच्या, हे त्यांच्या घरीही होतं अन् माझ्याही. तापलेलं पाणी अधिक पातळ होतं, थर टिकत नाही, दांडा रबराला घासतो. समीकरणात पाण्याचं तापमान घातलं आणि दुपारचे आकडेही रेषेवर येऊन बसले.

शेवटच्या दिवशी सरांनी सही केली, पेनाला टोपण लावलं.

"दुपारी तू थकत नव्हतीस," ते म्हणाले.

मला भरून आलं होतं, पण खोटं बोलवेना.

"थकत होते, सर. पण रीडिंग बरोबर होतं."