रिकाम्या खोलीची साक्ष

पडद्यावर दुसराच कुणीतरी गेम खेळत असतो आणि तुम्ही दोघं जेवण विसरून ते बघत बसता, असं तुमची आई फोनवर सांगते. तिला ते विचित्र वाटतं. मला एके काळी त्याचाच पगार मिळायचा.

अमेरिकेत श्रूजबरीला आल्यावर माझी पहिली नोकरी व्हिडिओ गेम्सच्या एका नव्या मासिकात होती, प्रुफं तपासायची. मी इंग्रजी साहित्यात एम.ए. पुस्तकाचं परीक्षण मला ठाऊक होतं. खेळाचं कसं करतात ते कळेना. खरं तर तिथे कुणालाच नीट कळत नव्हतं. आमच्या मुख्य लेखिकाबाई आधी गावच्या वर्तमानपत्रात बेसबॉलच्या बातम्या द्यायच्या. त्यांनी एका खेळाबद्दल लिहिलं, "शेवटच्या खोलीत खजिना आहे असं डब्यावर छापलंय. खोली रिकामी आहे."

संपादकाने खेळ बनवणाऱ्या कंपनीला विचारलं. उत्तर आलं, बाई तिथवर पोचल्याच नसतील.

"फोटो आण, नाहीतर लेख काढून टाकतो," संपादक म्हणाला. बाई एकदा खोट्या ठरल्या की पुढे त्यांचं कोण वाचणार?

फोटो टीव्हीच्या काचेचाच काढायचा. पडदे ओढून अंधार करायचा, कॅमेरा तिपाईवर लावायचा. झटकन काढला तर चित्रावर काळा पट्टा येई, म्हणून शटर जरा वेळ उघडं ठेवायचं आणि तोवर खेळातल्या माणसाने हलायचं नाही. पण खेळ मध्येच थांबवायची सोय नव्हती. उभं राहिलं की मागून वटवाघळं येऊन मारायची. बाईंचे दोन्ही हात खेळात, म्हणून कॅमेऱ्याचं बटण माझ्याकडे आलं.

"मी 'आता' म्हटलं की दाब, हनी."

"आणि तुम्ही?"

"मी मरते."

यात बाईंना हसण्यासारखं काय वाटलं, ते मला कळलं नाही. दुपारभर त्या खेळत होत्या आणि मी बोट बटणावर ठेवून बसले होते. एक दार उघडलं. "आता!" मी दाबलं. वटवाघळं आली.

फोटोत काळा चौकोन आणि मधोमध पिवळा ठिपक्याएवढा माणूस. संपादकाने तो उलटसुलट करून पाहिला. "ही पहिली खोलीसुद्धा असेल." मग माझ्याकडे वळला. "तू होतीस ना? काय दिसलं?"

"दार उघडलं. आत काही नव्हतं. पुढे दारही नव्हतं."

"तुला हा खेळ कळतो?"

"अजिबात नाही."

"मग छापू या. जिला कळतच नाही, ती खोटं कशाला बोलेल?"

हा न्याय मला आजही उलगडलेला नाही. घरी तुमच्या आजोबांना सांगितलं.

"अगं, रिकाम्या खोलीचा फोटो?"

"अहो, रिकामी आहे हेच तर दाखवायचंय."

"मग नुसता काळा चौकोन छापा, फिल्मचा रोल तरी वाचेल."

फोटोखालची ओळ लिहायचं काम दुसऱ्या दिवशी माझ्याकडेच आलं. "शेवटची खोली. खजिना नाही," असं टाइप केलं आणि थांबले. नव्हता, की मला दिसला नव्हता? कुठे बघायचं हे तरी मला कुठे ठाऊक होतं? मी बाईंकडे गेले.

"तुमची नक्की खात्री आहे ना?"

"मी तिथे मेले, हनी," त्या च्युइंगगम चघळत म्हणाल्या. "आणखी किती खात्री देऊ?"

माझा गोंधळ काही कमी झाला नाही. पण त्यांचं नाव पणाला लागलं होतं, आणि दार उघडलेलं तर मी पाहिलं होतं. ओळ तशीच ठेवली आणि कागद छपाईला दिला.