मास्टरांचा उजवा कान

सेगावा मास्टरांनी फोनवरून स्ट्रीमर मागवला तेव्हा मी कॉफी गाळत होते. ऐकून हात थांबला आणि ती कॉफी फुकट गेली.

ज्या माणसाने अडतीस वर्षं दुकानात रेकॉर्डशिवाय काही वाजू दिलं नाही, सीडी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला "ती बाहेर छत्र्यांच्या स्टँडमध्ये ठेवा" असं सांगितलं, इंटरनेटवरून गाणी ओढून ॲम्प्लिफायरला पुरवणाऱ्या या डब्यांना "नळाचं पाणी" म्हणून नाक मुरडलं, तो माणूस विक्रेत्याला शांतपणे सांगत होता, "तीन पाठवा. आठवडाभर ऐकतो आणि एक ठेवून घेतो."

"ताप आहे का?" मी विचारलं.

"कॉफी गार होतेय, फुसाए-सान," ते म्हणाले आणि आत गेले.

मी या दुकानात सव्वीस वर्षं कॉफी करते आहे. मास्टर कधी विषय टाळतात ते मला कळतं.

मास्टर म्हणजे तसा अगदी साधा माणूस. ताकाओका शहरातल्या एका ॲल्युमिनियमच्या कारखान्यात खिडक्यांच्या चौकटी मोजत होते. चौतिसाव्या वर्षी नोकरी सोडली, चारशे रेकॉर्ड आणि स्वतः बांधलेले दोन स्पीकर घेऊन ‘शोराई’ हे रेकॉर्ड ऐकवणारं कॉफीचं दुकान उघडलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर स्पीकरच्या त्या दोन कपाटाएवढ्या पेट्यांकडे बोट दाखवून म्हणायचे, "दोन दोन आहेत की." पेट्यांवर उंच सुरांसाठी एकेक लाकडी भोंगा, त्याची तार मागून खाली आलेली. आतल्या खोलीत बोलायचं नाही. हवी ती रेकॉर्ड चिठ्ठीवर लिहून द्यायची, कॉफी घ्यायची, ऐकायचं. दुकान बंद करायची वेळ झाली तरी मी तोंड उघडत नाही, काउंटरवरची छोटी काशाची घंटा एकदा वाजवते. ती घंटा त्सुरुमी-सान यांनी दिलेली. देवघरातल्या घंटांचा सूर कानाने जुळवण्यात त्यांची साठ वर्षं गेली.

मास्टरांची एकच अट होती, स्वतःसाठी. कान गेले की दुकान बंद. दारू प्यायल्यावर नव्हे, अगदी दुपारी दोन वाजता, शुद्धीत, त्यांनी ती मला अनेकदा ऐकवली होती.

तीन डबे आले. विक्रेत्याचा माणूस जोडून गेला. जाताना त्याने उजव्या स्पीकरकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहून नुसतीच मान लववली. मी म्हटलं, असेल काही.

पहिला डबा जेवणाच्या डब्याएवढा, दुसरा दोघांनी उचलायचा, तिसरा म्हणजे दोन वेगवेगळ्या पेट्या आणि मध्ये एक जाड वायर. मास्टर तीनही डब्यांपेक्षा माझ्याच मागे लागले. "हे बटण दाबून बघा. आता हे. काचेवर यादी दिसते ना? चष्म्याशिवाय वाचता येते?"

"मला कशाला शिकवताय? तुम्ही आहात ना?"

"सुई ठेवताना तुमचा हात कापतो. बटण दाबताना नाही कापणार."

मग शनिवारी त्यांच्या टेबलावरची कात्री आणायला गेले आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा दिसला. सगळी त्यांच्या हाताने लिहिलेली. वरच्या कार्डावर होतं, "माझ्या उजव्या कानाने साथ सोडली आहे. ओबोननंतर मी शोराईतून निवृत्त होत आहे. पुढे फुसाए-सान सांभाळतील." ओबोन हा पूर्वजांचा सण म्हणजे ऑगस्टचा मध्य, आणि जून संपत आला होता. स्ट्रीमर म्हणे! हा माणूस स्वतःच्या जागी डबा ठेवून निघाला होता, आणि तो डबा माझ्या गळ्यात बांधत होता.

रविवारी दुपारी त्यांनी नेहमीच्या सात गिऱ्हाइकांना बोलावलं. डब्यांसमोर पडदा. एकाच व्हायोलिनची एकच धून तीनदा वाजणार, डबा कुठला ते फक्त पडद्यामागच्या मला ठाऊक. ऐकून चिठ्ठीवर आकडा लिहायचा. लोक आले आणि सगळे डावीकडे बसले. शाळेत संगीत शिकवलेल्या हिरोनो-बाई वीस वर्षं उजवीकडच्या खिडकीशी बसत, त्यासुद्धा डावीकडे, त्सुरुमी-सानना खेटून. जानेवारीपासून उजवीकडच्या खुर्च्या अशाच रिकाम्या राहत होत्या. मी विचारल्यावर हिरोनो-बाईंनी सांगितलं होतं, तिथे वारा लागतो. मी खिडकीच्या फटीत कापडसुद्धा कोंबलं होतं.

पहिला, दुसरा, तिसरा. मास्टर टर्नटेबलजवळच्या त्यांच्या ठरलेल्या स्टुलावर, ताठ, कपाळावर घाम. मी ताट फिरवून चिठ्ठ्या गोळा केल्या. सातपैकी सहांवर शब्दांच्या थोड्या फरकाने एकच मजकूर होता: तिन्ही आपापल्या परीने उत्तम आहेत. असल्या सभ्यपणाचा मला मनस्वी राग येतो. त्सुरुमी-सान यांच्या चिठ्ठीवर नुसतं "क्षमस्व". आणि मास्टरांची चिठ्ठी कोरी.

मास्टर उठले आणि त्या खोलीत बोलले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

"मला फरक कळत नाही. उजवीकडून व्हायोलिन येतच नाही मला. ब्लँकेट पांघरल्यासारखं ऐकू येतं. नवीन वर्षापासून असंच आहे. तुम्हा सगळ्यांना फसवल्याबद्दल माफी मागतो." कमरेत वाकले ते वाकलेलेच राहिले. "डबा फुसाए-सानसाठी आहे. त्यांच्यासाठी तुम्हीच निवडा."

हिरोनो-बाई मांडीवरचा रुमाल घड्या घालत राहिल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर दुःख होतं, पण आश्चर्य एकाच्याही नव्हतं. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. बाहेर जाऊन काउंटरवरची घंटा उचलून आणली.

"उभे राहा सरळ. डावा कान दाबा. घट्ट!"

"फुसाए-सान..."

"दाबा म्हणते ना!"

त्यांच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर मी घंटा वाजवली. बारीक, उंच सूर, लांबत लांबत गेला. तो पार विरेपर्यंत मास्टर हलले नाहीत.

"कधी संपला?" त्सुरुमी-सान यांनी विचारलं.

"आत्ता," मास्टर म्हणाले.

"मलाही आत्ताच संपला," त्सुरुमी-सान म्हणाले, आणि म्हातारा खुर्चीतून उठून उभा राहिला.

मी मास्टरांना खांद्याला धरून स्टुलावर बसवलं आणि स्टूल फिरवलं. पाठ स्पीकरकडे, तोंड भिंतीकडे. पडद्यामागे जाऊन तीच धून लावली. अर्धं मिनिट गेलं.

"आता डावा गेला," मास्टर भिंतीला म्हणाले. "उजव्याने ऐकू येतंय. डावा गेला."

"कान नाही गेला, मास्टर," त्सुरुमी-सान म्हणाले. "उजवा भोंगा मुका झालाय."

"शक्य नाही. डिसेंबरमध्ये तीन दिवस बसून मी एकेक स्क्रू आवळलाय. यंत्रात खोट असणं शक्यच नाही. म्हणून तर..."

म्हणून तर त्यांनी आपल्या कानालाच दोषी धरलं. डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण डॉक्टर खरं सांगेल. स्टूल फिरवून पाहिलं नाही, कारण तेही खरं सांगेल.

मी उजव्या पेटीच्या मागे शिरले. भोंग्याची तार सुटून लोंबत होती. तिच्या उघड्या टोकाला निळ्या सुताचा धागा अडकला होता. तो धागा मी ओळखला. वर्षअखेरच्या साफसफाईत, एकोणतीस डिसेंबरला, मास्टर स्क्रू आवळून मोकळे झाल्यावर, निळं फडकं घेऊन इथे मागे मीच शिरले होते. फडकं कशात तरी अडकलं होतं, आणि मी ते ओढलं होतं.

धागा तळहातावर घेऊन मी बाहेर आले. "हे मी केलं," म्हटलं आणि मला रडू फुटलं. सहा महिने हा माणूस रोज माझ्यासमोर बहिरा होत होता आणि मी त्याला कॉफी देत होते.

मास्टरांनी धाग्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. "तुम्हाला ऐकू येत होतं?"

"मी जानेवारीतच जागा बदलली," हिरोनो-बाई पुटपुटल्या. "मला वाटलं तुमचे कान... असं तोंडावर कसं बोलायचं? शिवाय इथे बोलायचं नसतं."

"आणखी वर्षभर कुणी बोललं नसतं," त्सुरुमी-सान म्हणाले. "कान गेले की दुकान बंद, ही तुमची अट मलाही ठाऊक, म्हणून मी तर निरोपाची भेट म्हणून मोठी घंटा ओतायला दिलीये. आता तिचं काय करू?"

मास्टर हसले नाहीत. स्क्रूड्रायव्हर घेऊन पेटीमागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. "पुन्हा लावा," ते मला म्हणाले. "तिन्ही. आकडे बदलून."

या वेळी हिरोनो-बाई उठून आपल्या खिडकीपाशी गेल्या. दुसरं वाजायला लागलं आणि तिसऱ्याच सुराला मास्टरांनी चिठ्ठी लिहून खाली ठेवली. तिसरं ऐकायला ते थांबलेच नाहीत. तो जेवणाच्या डब्याएवढा डबा निघाला. बाकीचे दोन सोमवारी परत गेले.

डबा माझ्या काउंटरवर आहे. मंगळवारी, मास्टर मासे पकडायला जातात तेव्हा, मी त्यावर दुकान चालवते. "नळाचं पाणी आलं का?" असं ते संध्याकाळी फोन करून विचारतात. बाकीचे दिवस रेकॉर्ड.

आणि ती पोस्टकार्डं त्यांनी वाया जाऊ दिली नाहीत. कात्रीने चार चार तुकडे केले, मागची कोरी बाजू फर्माइशीच्या चिठ्ठ्यांसाठी ठेवली. परवा हिरोनो-बाईंची चिठ्ठी घेतली आणि सवयीने उलटून पाहिली. मागे मास्टरांच्या अक्षरात होतं, "माझ्या उजव्या कानाने". पुढचं कापलं गेलं होतं. चिठ्ठी मास्टरांकडे नेली. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या, रेकॉर्ड काढून लावली आणि सुई मला ठेवायला सांगितली.