शुक्रवार पेठेतली आपोआप उघडणारी गाडी

तो तक्रार अर्ज माझ्या अजूनही लक्षात आहे. विषयाच्या जागी लिहिलं होतं, 'माझी कुलूपबंद केलेली मोटार वारंवार उघडी सापडण्याबाबत.' अक्षर वळणदार आणि एकही खाडाखोड नाही. सोलापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक म्हणून मी तेव्हा नुकताच रुजू झालो होतो. सकाळची हजेरी आटोपली की आदल्या दिवशीचे अर्ज स्वतः चाळायची माझी पद्धत होती. या अर्जाच्या कोपऱ्यावर ठाणे अंमलदाराने शेरा मारला होता, 'अर्जदार वयस्कर. विस्मरण. नातेवाइकास समज दिली.'

मी त्याला बोलावून विचारलं, "समज कसली दिली?"

"साहेब, बाईंबरोबर त्यांचा पुतण्या आला होता. भला माणूस वाटला. तो म्हणाला, काकू हल्ली विसरतात. गाडी उघडी टाकून वर जातात आणि कुणीतरी उघडली म्हणतात. मी त्याला लक्ष ठेवायला सांगितलं."

"गाडीतलं काय गेलं?"

"काहीच न्हाय, साहेब."

मला खटकलं ते हेच. चोर गाडी एकदा उघडतो, हाताला लागेल ते घेतो आणि पुन्हा त्या गल्लीत फिरकत नाही. काही न नेता तीच गाडी पुन्हा पुन्हा उघडणारा चोर मी नोकरीत पाहिला नव्हता. बाई खरोखर विसरत असतील हेही शक्य होतं. पण ते ठरवण्याआधी गाडी पाहायला काही हरकत नव्हती.

महिला हवालदाराला बरोबर घेऊन मी शुक्रवार पेठेत गेलो. बाई एकट्या राहत होत्या. टेलिफोन कचेरीत ऑपरेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. नवरा वारला होता आणि मुलगी लग्न होऊन पुण्याला होती. नवऱ्याच्या आजारपणात त्या गाडी शिकल्या. आता त्याच गाडीने अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या बहिणीला भेटायला बार्शीला जात. पुतण्या, म्हणजे थोरल्या दिराचा मुलगा, समोरच्याच घरात राहत होता.

बाईंनी चहा केला आणि मुद्द्याचं बोलल्या. "एकदा चारी काचा खाली होत्या. एकदा डिकी उघडी. दिवे लागून बॅटरी उतरली, असंही झालं. दर वेळी पुतण्याच येऊन सांगतो, काकू, पुन्हा विसरलात. मुलगी फोनवर रडते. पुतण्यानं मला डॉक्टरकडे नेलं. आता म्हणतो, घराचे व्यवहार माझ्याकडं द्या, मुखत्यारपत्र करून ठेवू. गाडी विकायची असंही ठरतंय."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"साहेब, शहरातले अर्धे फोन नंबर मला पाठ होते. गाडी लावली की दार ओढून बघते, तेही आठवतं मला. पण इतके लोक एकच सांगतात म्हटल्यावर माझा माझ्यावरच भरवसा राहिलेला नाही. म्हणून अर्ज दिला. चोर सापडावा म्हणून नाही दिला. खरं काय ते कळावं म्हणून दिला."

गाडी गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत उभी होती. मॉडेल जुनं, कंपनीने बनवणं केव्हाच बंद केलेलं. कुलपाशी झटापटीची खूण नव्हती, काचेच्या रबरावर ओरखडा नव्हता. चावीतच रिमोट होता. त्यावरची बटणं झिजून गुळगुळीत झाली होती. मी दुसऱ्या चावीबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या, ती नवऱ्याच्या आजारपणात हरवली, नंतर मिळालीच नाही.

गल्लीत आमच्याशी कुणी बोललं नाही. तशी अपेक्षाही नसते. गणवेशातल्या माणसाशी दारात उभं राहून बोललं की संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळतं. ज्याला खरंच काही सांगायचं असतं, तो कामाचं निमित्त काढून ठाण्यात येतो. तसा दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतला एक शिंपी आला. वयाने साठीच्या पुढचा, चेहऱ्याने शांत. त्याचं मशीन खिडकीशी होतं आणि खिडकीसमोर ती मोकळी जागा.

"साहेब, बाई विसरत नाहीत," तो खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला. "परवा मी बघितलं की. काचा लावल्या, दार ओढून बघितलं आणि वर गेल्या. मी बटणाचं काज करत होतो. मान वर केली तर चारी काचा आपोआप खाली चालल्या होत्या. गाडीजवळ कोणी नव्हतं."

"कुणाला सांगितलंत?"

"पुतण्यालाच सांगितलं. तो म्हणाला, चाचा, तुमची नजर गेली आता, चष्मा बदला." थोडं थांबून तो म्हणाला, "सुईत दोरा मी अजून एका दमात घालतो, साहेब."

त्या मॉडेलच्या चावीवरचं उघडायचं बटण दाबून धरलं की काचा खाली येतात, हे मी बाईंच्याच चावीने करून पाहिलं होतं. म्हणजे दोन शक्यता होत्या. एक, झिजलेलं बटण पर्समध्ये दाबलं जात असावं. दुसरी, हरवलेली चावी हरवलेली नव्हती. पहिली शक्यता आधी निकालात काढायची, असा माझा तपासाचा क्रम. मी बाईंना सांगितलं, नवीन चावी करून घ्या.

शोरूममध्ये त्यांना उत्तर मिळालं की या मॉडेलची चावी आता येत नाही, मागवली तर कधी येईल ते सांगता येणार नाही. तेव्हा आम्ही गाड्यांच्या चाव्या करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. यंत्रमाग बंद पडल्यावर त्याने हा धंदा धरला होता. घरच्यांशी फोनवर तेलुगूत बोलत बोलत त्याने गाडीला मशीन जोडलं, नवीन चावी कापली आणि पडद्याकडे बघून विचारलं, "बाई, गाडीच्या मेमरीत दोन चाव्या दिसतात. हरवलेली अजून चालू हाय. ती काढून टाकू का? नवीन चावी घेणाऱ्याला मी हे विचारतोच. हरवलेली चावी कुणाला घावली तर गाडी त्याचीच की."

मी म्हणालो, "काढून टाका." बाईंची जुनी चावी आणि ही नवीन, एवढ्या दोनच चाव्या गाडीत राहिल्या. जुनी चावी मुद्दाम त्यांच्या पर्समध्येच राहू दिली, म्हणजे दोष तिचा असेल तर तो पुन्हा दिसला असता. या सगळ्याची वाच्यता कुठेही करू नका, मुलीशीसुद्धा बोलू नका, असं मी त्यांना बजावलं. कारागिरालाही सांगून ठेवलं की या मॉडेलची चावी घेऊन कुणी आलं तर कळवायचं. अशा जुन्या गाडीचं काम करणारे शहरात फारसे कुणी नव्हते. जे होते, त्यांनाही माझ्या हवालदाराने गाठलं.

त्यानंतर गाडी उघडी सापडणं थांबलं. झिजलेलं बटण पर्समध्ये तसंच होतं, तरी काच खाली आली नाही.

मग कारागिराचा फोन आला. एक माणूस आला होता, त्या मॉडेलची चावी घेऊन. सेल बदलला तरी चालत नाही म्हणत होता. कारागिराने सांगितलं, गाडी आणल्याशिवाय चावी जुळवता येत नाही. तो 'आणतो' म्हणून गेला. त्याच संध्याकाळी बाईंचा फोन आला. "पुतण्या म्हणतो, काकू, गाडी द्या, सर्व्हिसिंग करून आणतो. काय करू?"

"द्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत कारागिराच्या दुकानात मागच्या बाजूला बसलो. दोन पंच शेजारच्या हॉटेलात बसवून ठेवले होते. पुतण्या गाडी घेऊन आला. कारागीर नेहमीच्या सुरात म्हणाला, "चालू असलेली पण द्या आणि बंद पडलेली पण द्या." पुतण्याने दोन्ही चाव्या काउंटरवर ठेवल्या. एक काकूंनी त्याला दिलेली होती. दुसरी आम्ही शोधत होतो ती. मी पुढे आलो, ओळख सांगितली, पंचांना बोलावून जागेवरच पंचनामा केला आणि दुसरी चावी जप्त केली.

ठाण्यात तो घाबरलेला दिसला नाही. स्वच्छ शर्ट, बोलणं नम्र. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस चाचरतोच असं नाही. ज्याने उत्तर आधीच तयार ठेवलंय तो जास्त सफाईने बोलतो. म्हणून मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि त्याला बोलू दिलं.

"ही चावी काकूंनीच मला दिली होती," तो म्हणाला. "अडीअडचणीला असू दे म्हणून. आता त्यांना आठवणार नाही. त्यांची परिस्थिती तुम्हाला माहीत आहेच."

उत्तर बिनतोड होतं. काकू विसरतात असं सगळ्यांना पटवून दिल्यावर त्यांचा कुठलाही शब्द त्याला खोडता येत होता. पण मी सकाळीच पुण्याला मुलीशी बोललो होतो.

मी विचारलं, "दुसरी चावी काकूंनी हरवली, शोधून शोधून थकलो, असं त्यांच्या मुलीला कुणी सांगितलं?"

त्याने कप हातात घेतला.

"आईच्या विसरण्याचा पहिला पुरावा म्हणून तुम्ही हीच चावी सांगितलीत. काकूंनी ती तुम्हाला दिली होती, तर हरवली कशी? आणि हरवली होती, तर तुमच्या खिशात कशी?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. महिला हवालदार भिंतीशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आता खरं सांगून टाका, दादा. लई झालं."

मग त्याने सांगितलं. काका गेल्यावर दवाखान्यातलं सामान त्याने घरी आणलं होतं. त्या पिशवीत चावी होती. दोन्ही घरांची जागा मिळून एका बिल्डरला हवी होती आणि काकू नाही म्हणत होत्या. त्या मोकळ्या जागेकडच्या आपल्या खिडकीत उभं राहून बटण दाबायचं, कधी रात्री जाऊन गाडीचे दिवे लावून ठेवायचे, थोड्या वेळाने खाली जायचं आणि काकूंना हाक मारायची, एवढंच तो करत होता. "मी त्यांना हातसुद्धा लावला नाही, साहेब," असं तो म्हणाला. त्याला स्वतःला ते पटत असावं.

मुलगी पुण्याहून आली. तिचं म्हणणं होतं, घरातलं प्रकरण आहे, मिटवून टाकू. बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "साहेब, माझा जबाब लिहून घ्या." जबाब त्यांनी सलग सांगितला. कुठेही अडखळल्या नाहीत. गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं. निकाल मी निवृत्त झाल्यावर लागला आणि शिक्षा किरकोळ झाली. मुखत्यारपत्र झालं नाही. पुतण्या घर बंद करून बायकोच्या माहेरी, कुंभारीला राहायला गेला.

जबाबावर सही झाल्यावर बाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "एक विचारू? मागे एकदा मी दूध ठेवून गॅस चालूच ठेवला होता. भांडं करपलं. तेही त्यानंच केलं असेल का?"

हा प्रश्न तपासाचा भाग नव्हता. तरीही मी आत जाऊन तिथे बसवून ठेवलेल्या पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, काकूंच्या घरात तो कधी एकटा गेलाच नव्हता. या वेळी तो खोटं बोलत नव्हता असं मला वाटलं. घराला बाहेरून जायला दुसरी वाट नव्हती आणि किल्ली बाईंच्या कमरेला असे. मी बाहेर येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. धीर द्यायला खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं होतं. पण त्यांनी अर्जच खरं कळावं म्हणून दिला होता.

नोकरीत मी मोठमोठे दरोडे उघडकीस आणले. तरी नव्या अधिकाऱ्यांशी बोलताना मी हेच प्रकरण सांगतो. एखाद्या माणसावर विसराळू, वेडसर किंवा दारुडा असा शिक्का बसला की त्याची तक्रार आपण ऐकतो, पण तपासत नाही. त्या माणसाला लुबाडायचं ठरवणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. तो आधी शिक्का मारतो आणि मग कामाला लागतो. म्हणून माणूस कसा आहे हे नातेवाइकांना विचारण्याआधी तो सांगतो ती जागा जाऊन बघावी. तपास तिथून सुरू करावा.

गॅसचं उत्तर ऐकून बाईंना रडू येईल, असं महिला हवालदाराला वाटलं. पण त्यांनी पदराने चष्म्याची काच पुसली आणि त्या उठल्या.

"म्हणजे तेवढं मी विसरले होते," त्या म्हणाल्या. "तेवढं कोणीही विसरतं."

खाली उतरून त्यांनी ठाण्याच्या आवारात आणून लावलेली गाडी सुरू केली, आरशात मागे पाहिलं आणि मुलीला शेजारी बसवून त्या बहिणीकडे बार्शीला निघून गेल्या.