लोखंडी कढईतला आवळा

माझ्या दोन्ही गालांवर वांग होते. कपड्यावर चहाचा डाग वाळावा तसे. धानाच्या बांध्यांत उन्हात वाकून लावणी करता करता ते आले होते आणि त्यांच्यापायी दोनदा सोयरे मला पाहायला येऊन परत गेले होते. दुसऱ्या वेळच्या बाईने तर आमच्या दारातच सांगितलं, "पोट्टी कामाची हाय, पण तोंड पाह्यल्यावर जेवन गोड लागत नाई." मला राग आला नाही. तिचंही तोंड काही पाहण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या वेळी मात्र माझा जीव वरखाली होत होता, कारण या वेळचा पोरगा मला हवा होता. त्याला मी चामोर्शीच्या बाजारात पाहिलं होतं. गुळाची भेली हातात घेऊन तो दुकानदाराला म्हणत होता, "हा गूळ हाय का वीट? मले घर नाई बांधाचं, पोळी खाची हाय." मी तिथेच हसले. त्याने वळून पाहिलं आणि तोही हसला. त्याच्या घरून निरोप आला त्या दिवशी मी विहिरीवर पळत गेले आणि पाण्याचा गुंड रिकामाच घेऊन आले.

वांगावर आमच्याकडे एकच औषध, आवळा. पूस महिन्याच्या थंडीत बाया जंगलातून टोपल्या भरून आणत. पाट्यावर वाटायचा, रस गालाला लावायचा, वाळला की धुवायचा आणि त्या दिवशी उन्हात जायचं नाही. मी हे मन लावून केलं आणि डाग थोडे फिके झाले. हे मला मायने सांगितलं, आणि माझी माय उगाच बरं बोलणारी नव्हती.

माझ्या काकीचं एवढ्यावर समाधान नव्हतं. तिने नुकतीच बाजारातून लोखंडी कढई आणली होती. केसांना लावायचा आवळा बाया रात्रभर लोखंडात भिजवत, ते तिला माहीत होतं.

"लोखंडात भिजला का आवळ्याची ताकद दुप्पट होते," काकी म्हणाली. "केसाले चालते तं तोंडाले काऊन नाई चालनार?"

मला लगेच पटलं. केसांना तो लावतात ते काळं करायलाच, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

सोयरे यायच्या दिवशी सकाळी काकीने रात्रभर कढईत भिजवलेल्या आवळ्याचा लगदा माझ्या तोंडाला थापला. गाल, कपाळ, कान, काही सोडलं नाही. वाळल्यावर मी तोंड धुतलं आणि चुलीपाशी गेले. माय वळली.

"हे कोन आली?" ती म्हणाली. मग जवळ येऊन पाहिलं आणि मटकन खाली बसली.

माझं तोंड तव्याच्या बुडासारखं झालं होतं. काकीचे हातही मनगटापर्यंत काळे. मायने पितळी भांडी घासायची चिंच उचलली आणि माझे गाल घासायला लागली. काळ्याचं जांभळं झालं, कातडी जळू लागली, आणि रंग जांभळ्यावरच थांबला.

"लिंबू पायजे," काकी म्हणाली. "कुठी भेटन आता लिंबू?"

"तू बोलूच नोको," माय म्हणाली. "तुह्या कढईत तुलेच भिजवते."

बा ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होता. त्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यातून त्याला गोळ्या मिळाल्या होत्या. कंपाउंडरने सांगितलं होतं, आवळ्यात जे असते तेच यात हाय, तुमी आवळा खात नाई तं गोळी खा. बा उठला, धानाच्या कणगीमागे हात घातला आणि गोळ्यांची पुडी बाहेर काढली.

"आंबटच पायजे ना? घ्या. चिंचेपेक्षा आंबट हाय."

माय पुडीकडे पाहत राहिली. "म्हंजे तुमी खाल्ल्याच नाई?"

"एक खाल्ली. दात आंबले."

ते भांडण करायला वेळ नव्हता. मायने गोळ्या पाट्यावर ठेचल्या, पाणी घातलं, फडकं बुडवून माझ्या गालावर धरलं. काढलं तर गाल उजळला होता. काळं फडक्याला लागलं नव्हतं, ते तिथल्या तिथे विरलं होतं. काकीने बोट त्या पाण्यात घातलं, तेही उजळलं. मग आम्ही तिघी एकदम बोलू लागलो. इथी लाव, इथी राह्यलं, हनुवटी पाह्य. सोयऱ्यांच्या बैलांची घुंगरं ऐकू आली तेव्हा उजवा कान तेवढा राहिला होता आणि पाट्यावर चिमूटभर पूड.

आता माझी नात एवढ्याशा काळ्या बाटलीतून त्याच गोळ्यांतल्या औषधाचे थेंब गालाला लावते. व्हिटॅमिन सी म्हणते. डाग फिके होतात, कातडी तुकतुकीत राहते, पण हवा आणि उजेड लागला की पिवळं पडून वाया जातं, असं ती मला समजावते. पूर्वी जहाजावरच्या लोकांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, लिंबाने थांबायचं, त्यावरून शोधत शोधत हे सापडलं, हेही तिनेच सांगितलं. हिरड्यांचं मला आधीच माहीत होतं.

तर त्या दिवशी पाहुणे येऊन बसले. पोरगा आपल्या मामाजवळ बसला होता आणि माझ्याकडे न पाहिल्यासारखं करत होता. त्याच्या मायने माझी हनुवटी धरून तोंड फिरवलं.

"कानाले का झालं?"

काकीने हात पदराखाली घेतले. मी सरळ सांगितलं. कढई, चिंच, बाच्या गोळ्या, सगळं. पोरगा खाली मान घालून हसत होता, त्याचे खांदे हलत होते. त्याची माय हसली नाही.

"करून दाखव," ती म्हणाली.

मायने उरलेली पूड भिजवून कानाला लावली. त्या बाईने जवळ येऊन, डोळे बारीक करून पाहिलं. कान उजळला.

"हे तं गेलं. आन गालावरचं?"

"ते जुनं हाय," मी म्हटलं. "आवळ्यानं फिकं होते. उनात गेलं का परत येते. आन लावनीले तं जाच लागते."

माय माझ्याकडे असं पाहू लागली की आता हिला कुठे पुरावं.

त्या बाईने कपाळावरचा पदर मागे सारला आणि उजेडाकडे तोंड केलं. तिच्या गालांवर माझ्यापेक्षा गडद वांग होते.

"माह्या घरी बी लावनीच हाय," ती म्हणाली. मग माझ्या बाकडे वळली. "बोला भाऊ, कधीचं लगन धराचं?"

पाहुणे सुपारी फोडून गेले. गाडी वळणाआड होईस्तोवर मी दारात उभी होते आणि कुणी मला हटकलं नाही. मग माय टोपलीतला एक आवळा निवडून बापुढे जाऊन उभी राहिली.

"गोळ्या सरल्या," ती म्हणाली. "तोंड उघडा."

बाने उघडलं.